वजन वाढलेली बिबडी

“उन्हात वाळत घातलेली ज्वारीची बिबडी जड कशी होईल?”

भौतिकशास्त्राच्या नेहेते सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं आणि चष्माही तिसऱ्यांदा पुसला.

“झाली सर,” मी म्हणाले.

“सकाळपेक्षा दुपारी?”

“हो सर. सात नंबरची आणि अकरा नंबरची. बाकीच्या हलक्या झाल्या. तीन नंबरची तर जरा जास्तच हलकी झाली.”

“आपल्या गावच्या उन्हात?” सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन असं होतं की कॉलेजच्या फाटकात बसणारं कुत्रं ग्रंथालयात येऊन झोपलं होतं. “तराजू बिघडला असेल.”

“तराजू मी तपासला सर,” फरीदा म्हणाली. “बरोबर आहे.”

सरांनी तिच्याकडे चमकून पाहिलं. समाजशास्त्राच्या मुलीनं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला तराजू तपासावा, हे त्यांना बिबडी जड होण्याइतकंच नवीन होतं.

त्या वर्षी आमच्या कॉलेजात नवे प्राचार्य आले होते आणि संशोधन मेळाव्यासाठी त्यांनी एक अट घातली होती. प्रत्येक जोडीत एक विज्ञानाचा विद्यार्थी हवा आणि एक कला शाखेचा. सगळ्यांनी नाकं मुरडली. विज्ञानवाल्यांनी प्रयोग करायचा आणि कलावाल्यांनी तक्त्यावर सुंदर अक्षर काढायचं, अशी बहुतेकांनी वाटणी करून टाकली. माझ्या वाट्याला फरीदा तडवी आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून रोज एसटीनं येणारी, उंच, कमी बोलणारी मुलगी. तिचं अक्षर माझ्याहून वाईट होतं, त्यामुळे आमची वाटणी पहिल्याच दिवशी फिसकटली.

मी, चारुलता फिरके, भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते, कारण बारावीला त्यात मार्क बरे पडले होते. दुसरं काही कारण नव्हतं. “पुढं काय?” हा प्रश्न मला गावात कुणीही विचारायचं. दळण टाकायला गेले तरी गिरणीवाला विचारायचा. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचे. आत्याला बँकेच्या परीक्षा सांगितल्या होत्या, दूधवाल्याला एम.एस्सी., आणि एका लग्नात वैतागून हवाई दल. ही सगळी उत्तरं फिरून बाबांच्या कानावर गेली.

“मेळाव्यापर्यंत काय ते ठरव,” बाबा म्हणाले. “नाहीतर जूनपासून मामाच्या पतपेढीत. खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे. आणखी काय पाहिजे?”

आणखी काय पाहिजे हेच तर मला माहीत नव्हतं. पतपेढीच्या त्या पंख्याखाली मी म्हातारी झालेली मला रोज स्वप्नात दिसायची.

बिबड्यांचा विषय फरीदाचा. आमच्याकडे, खानदेशात, महाशिवरात्र झाली की गच्च्यागच्च्यांवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे एक प्रकारचे पापडच, पडतात. भिजवलेल्या ज्वारीचं पीठ, लसूण, मिरची, जिरं, तीळ, सगळ्याचा दाटसर घाटा शिजवायचा आणि ओल्या फडक्यावर हातानं पातळ थापायचा. मग ऊन आपलं काम करतं. फरीदाचं म्हणणं होतं की ऊन काम करतं, पण नीट करत नाही. वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानात बसून तिनं एक तिरपी जाळी बनवली होती, उन्हाकडे तोंड करून उभी राहणारी. तिच्यावर काळं कापड ताणायचं, खालून वारा खेळेल अशी जागा ठेवायची. जाळीवरच्या बिबड्या लवकर वाळतात की साध्या फडक्यावरच्या, ते वजनं घेऊन बघायचं.

“तू समाजशास्त्र का घेतलंस?” जाळी बघून मी तिला विचारलं होतं.

“विज्ञानाची प्रॅक्टिकलं सुटेपर्यंत आमच्या गावची शेवटची गाडी जाते,” ती म्हणाली आणि जाळीचा पाय हातोडीनं सरळ करू लागली.

प्रयोगाला गच्ची दिली नेहेते सरांनीच, स्वतःच्या घराची. सरांच्या पत्नी शाळेत मुख्याध्यापिका, सर कॉलेजात, त्यामुळे दुपारी घर रिकामं. “कुणाची ढवळाढवळ नाही,” सर अभिमानानं म्हणाले. आम्ही दोघींनी घाटा शिजवला आणि त्यातला अर्धा तेल घालून तिथल्या तिथे खाऊन टाकला. उरलेल्याच्या बिबड्या घातल्या. जुन्या साडीचे आणि सरांच्या जुन्या काळ्या छत्रीचे रुमालाएवढे तुकडे कापले, प्रत्येकावर नंबर घातला, प्रत्येकावर एक बिबडी थापली. एकीसारखी दुसरी नव्हती. एक लांबट, एक तिकोनी, एकीला शेपूट. आम्ही तासातासानं सायकलवरून येऊन वजनं घेत होतो, मधल्या वेळात तासांना बसत होतो. पहिला दिवस सुरळीत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी सात नंबरची बिबडी जड झाली.

सरांना प्रथम राग आला, मग शंका आली, आणि संध्याकाळपर्यंत ते खुशीत आले. “मीठ!” ते म्हणाले. “मीठ हवेतली ओल ओढतं. घाटा ढवळताना मीठ एका ठिकाणी गोळा झालं असणार. चारुलता, हे साधं प्रकरण नाही. यावर लिहिता येईल.” त्यांनी फळ्यावर समीकरण मांडायला घेतलं. फळा भरला, तरी बिबडी समीकरणात बसेना.

“सर,” फरीदा हळूच म्हणाली, “दुपारी आपण तिथं थांबून बघितलं तर?”

सरांना ही सूचना फार अशास्त्रीय वाटली, पण ते आले. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे दाटीवाटीनं उकिडवे बसलो. सरांनी डोक्यावर रुमाल बांधला होता. टाकीची सावली एकाच माणसापुरती होती आणि ती सरांना द्यावी लागली.

थोड्या वेळानं शेजारच्या गच्चीचं दार वाजलं आणि तुळसाकाकू वर आल्या. काकू म्हणजे सरांच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, ठेंगण्या, गोल, चालताना स्वतःशीच बोलणाऱ्या. त्यांनी आधी आपल्या बिबड्या उलटल्या. मग पदर खोचला, मधला बुटका कठडा ओलांडला आणि सरळ आमच्या प्रयोगात शिरल्या.

“काय बाई या पोरी!” त्या म्हणाल्या. “काळ्या फडक्यावर कोनी वाळवते का?”

त्यांनी फरीदाच्या जाळीवरच्या चार बिबड्या उचलून साडीच्या तुकड्यांवर ठेवल्या. साडीवरच्या दोन जाळीवर टाकल्या, बहुधा जाळीला वाईट वाटू नये म्हणून. सगळ्या उलटल्या. मग पाच नंबरची उचलली, तोंडात टाकली, डोळे मिटून चावली. अर्धवट वाळलेली बिबडी म्हणजे काय चीज असते ते खाल्ल्याशिवाय कळत नाही. खाऊन झाल्यावर काकूंनी पदराच्या गाठीतून आपली एक बिबडी काढली आणि पाच नंबरच्या जागेवर नीट पसरून ठेवली. आमच्या बिबडीच्या दीडपट होती.

माझ्या शेजारी फरीदाचा श्वास वाढला. “माझी जाळी,” ती दात ओठ खात पुटपुटली. सरांचा चेहरा मीठ हरल्यासारखा पडला होता. आणि मला आतून जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. मी तोंडावर हात दाबला, तरी टाकीमागून ते बाहेर गेलंच.

“कोन आहे?” काकू दचकल्या. आम्ही तिघं उठून उभे राहिलो. डोक्याला रुमाल बांधलेल्या सरांकडे पाहून काकूंनी पदर सारखा केला. “अगं माय! सर, तुम्ही बिबड्या राखायले बसले?”

“काकू, तुम्ही आमची बिबडी खाल्ली,” मी म्हणाले.

“मग? बदली ठेवली ना!” काकूंना खरंच कळेना की चुकलं काय. “कोनी दुसऱ्याच्या गच्चीवरची बिबडी खाल्ली तं आपली ठेवते. जागा मोकळी नाही ठेवत. करनारीले वाटते ना, की आपली कमी झाली.”

“सगळेच असं करतात?”

“आमच्या आळीत तं सगळ्याच करतात. ज्या बाईच्या हाताले चव, तिच्या गच्चीवर जास्त येरझाऱ्या.” मग आवाज उतरवून त्यांनी मला सांगितलं, “तुमचं मीठ कमी आहे हं पोरी.”

मिठाच्या सिद्धांताचा असा दोन्हीकडून निकाल लागल्यावर सर खाली निघाले. जाता जाता म्हणाले, “नमुने बाद. पुन्हा घाला. या वेळी कॉलेजच्या गच्चीवर, कुलूप लावून.”

“हो सर,” फरीदा म्हणाली.

“नको सर,” मी म्हणाले.

दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी काय बोलले ते माझं मलाच नवीन होतं, पण आता थांबता येईना. “सर, आळीत सात घरं आहेत. सगळ्या एकमेकींच्या बिबड्या खातात आणि आपल्या ठेवतात. मग उन्हाळा संपताना डब्यात कुणाच्या बिबड्या असतात? कुणाकडून कुणाकडे जातात? कुणाकडे जास्त जातात? हे कुणाला माहीतच नाही.”

“हे भौतिकशास्त्र नाही, चारुलता.”

“मग काय आहे सर?”

सरांनी डोक्यावरचा रुमाल सोडला. प्रामाणिक माणूस होता. “मला माहीत नाही,” ते म्हणाले.

“मलाही नाही. पण मला बघायचंय.”

जिन्यात फरीदानं मला गाठलं. ती चिडली होती. “मेळावा तोंडावर आलाय आणि तू शेजारणी मोजणार? मला वजनं घ्यायचीत. तीन वर्षांत पहिल्यांदा मला कुणी तराजूला हात लावू दिलाय, चारू.”

“मग तू घे ना! कॉलेजच्या गच्चीवर, कुलूप लावून. मी आळीत जाते.”

“वेगवेगळं?”

“प्रयोग वेगवेगळे, विषय एकच.”

ती दोन पायऱ्या उतरली, मग वळून म्हणाली, “पण कुणाची बिबडी कोणती ते तुला कळणार कसं? खुणा पाहिजेत. प्रत्येक घराची वेगळी, आणि खाता येईल अशी.” मी तिला तिथेच जिन्यात मिठी मारली. दोघी घामानं निथळत होतो, त्यामुळे ती मिठी फार टिकली नाही.

आठवडाभर मी इतकी सुखात होते की जेवायचंही विसरायचे. सातही घरी जाऊन मी समजावलं: बिबडी थापली की मधोमध आपल्या रंगाचा एक ठिपका द्यायचा, बाकी सगळं रोजच्यासारखंच करायचं. बायकांनी रंग निवडले ते लग्नाची साडी निवडावी तसे. तुळसाकाकूंनी हळद धरली. कुणी पालक घेतला, कुणी काळे तीळ, कुणी कढीपत्त्याचं अख्खं पान. समोरच्या कमलबाईंनी बीट मागून घेतलं. “गुलाबी माह्याशिवाय कोनाले द्यायचा नाही,” त्यांनी बजावलं.

कमलबाई उंच, ताठ, शिस्तीच्या. त्यांचं आणि तुळसाकाकूंचं न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवरून भांडण झालं होतं, ते माझ्या जन्माच्याही आधी. पाण्याची वाट कधीच बदलली, वर सिमेंटचा रस्ता झाला, पण अबोला तसाच. नळावर एक आली की दुसरी हंडा उचलून घरात जायची. हळदीकुंकवाला दोघींना वेगवेगळ्या वेळा द्याव्या लागत.

“तुमच्या बिबड्या तुळसाकाकूंकडे जात असतील का?” मी कमलबाईंना भीत भीत विचारलं.

“तिच्या अन् माह्या गच्चीमधून वारासुद्धा विचारून जाते,” कमलबाई म्हणाल्या. तिकडे तुळसाकाकूंना विचारलं, तर त्यांनी नुसता पदर झटकला.

बिबड्या वाळून डब्यात गेल्यावर मी घरोघर फिरले. ओट्यावर चादर पसरायची, डबा पालथा करायचा आणि ठिपक्यांप्रमाणे बिबड्या वेगळ्या करायच्या. बहुतेक घरांत घोळका जमायचा. “हिरवी माझ्याकडं इतकी? म्हनजे शोभा रोज येत होती तं!” असा आरडाओरडा. तुळसाकाकूंनी आणि कमलबाईंनी मात्र घोळक्याला दारातूनच परत पाठवलं. तुळसाकाकूंच्या डब्यात सहा रंग असतील असं मी धरून चालले होते. सातवाही निघाला, आणि तो गुलाबी होता. चांगला मूठभर. काकू त्या वेळी चुलीपाशी चहा करत होत्या आणि मान वर करत नव्हत्या. मी सगळ्या पुन्हा डब्यात भरल्या. कमलबाईंच्या डब्यात पिवळे ठिपके निघाले, तेव्हा त्याही एकदम खिडकी पुसायला लागल्या.

त्या संध्याकाळी तक्त्यापाशी बसून मी आणि फरीदानं आळीचा नकाशा काढला. सात घरं, सात रंग, आणि घराघरातून निघालेल्या रेघा.

“ही रेघ राहिली,” फरीदा म्हणाली. “पिवळी ते गुलाबी.”

“ती नाही काढायची.”

“पण ती खरी आहे!”

“खरी आहे, पण त्यांनी ती मला सांगितलेली नाही. मी डब्यातून काढली आहे. त्यांच्या तोंडून आली तर काढू.”

फरीदानं रंगीत खडू खाली ठेवला. “तुला पतपेढीत बसवणं म्हणजे पाप आहे,” ती म्हणाली.

मेळाव्याच्या दिवशी सभागृह भरलं होतं. अर्धं त्या आळीनंच भरलं होतं. बायका नेसून-सवरून आल्या होत्या, तुळसाकाकू डावीकडच्या टोकाला, कमलबाई उजवीकडच्या. शेवटच्या रांगेत बाबा बसले होते. विद्यापीठातून आलेल्या परीक्षक बाई आमच्या तक्त्यापाशी आल्या. आधी फरीदा बोलली. काळं कापड ऊन कसं शोषतं, खालून वारा कसा खेळतो, तिची जाळी अर्ध्या वेळात बिबडी कशी वाळवते. एकदाही अडखळली नाही. मग मी बोलले. कुणाच्या हाताला चव, कुणाकडे येरझाऱ्या जास्त, आणि एकाही घराच्या डब्यात फक्त त्याच घराच्या बिबड्या कशा सापडल्या नाहीत.

“तुमच्यापैकी भौतिकशास्त्राची कोण?” बाईंनी विचारलं.

“मी.”

“म्हणजे समाजशास्त्राची मुलगी उष्णता सांगते आणि भौतिकशास्त्राची मुलगी शेजारणी?”

सभागृह हसलं. नेहेते सर कोपऱ्यातून पुढे आले आणि म्हणाले, “मॅडम, दोघी चुकीच्या रांगेत बसल्या होत्या. बिबडीमुळे कळलं.” सरांचं इतकं सुंदर वाक्य मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. बाईंनी तिथेच फरीदाला जाळीबद्दल इतके प्रश्न विचारले की पुढच्या जोडीला ताटकळत उभं राहावं लागलं. आज सातपुड्याच्या गावागावांत फरीदाची वाळवणाची यंत्रं आहेत, आणि त्यांची सुरुवात त्या प्रश्नांत आहे.

बाई पुढे निघणार, तेवढ्यात डावीकडून आवाज आला.

“नकाशा चुकला!”

तुळसाकाकू उभ्या होत्या. सगळं सभागृह वळलं.

“काय चुकलं काकू?”

“माह्या घरापासून तिच्या घरापर्यंत रेघ कुठं आहे?” काकूंनी उजवीकडे न बघता उजवीकडे हात केला. “आम्ही काय आळीत नाही राहत?”

“तुम्ही सांगितलं नव्हतं, म्हणून नाही काढली,” मी म्हणाले.

“आता सांगते ना. काढ.” आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “तिच्या हातचं मीठ बराबर असते. दर वर्षी जाते मी, ती खाली निजली की. खोटं कशाले बोलू?”

मी खडू उचलला आणि पिवळ्या घरापासून गुलाबी घरापर्यंत रेघ ओढली. रेघ सरळ आली.

“दोन काढ,” उजवीकडून कमलबाई म्हणाल्या. त्या उठल्या नाहीत, समोर बघतच बोलल्या. “ती निजली की मी बी जाते.”

टाळ्या कुणी सुरू केल्या माहीत नाही, पण शिट्टी फरीदानं वाजवली हे मी पाहिलं. मी दुसरी रेघ ओढली. माझे डोळे भरून आले होते आणि मी हसत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला दुसरीकडे कुठेही जायचं नव्हतं.

बक्षीस केळीच्या खोडाच्या सोपटापासून दोर करणाऱ्या जोडीला मिळालं. आम्हाला त्याचं दुःख करायला वेळही झाला नाही, कारण तुळसाकाकूंनी पिशवीतून ओलसर बिबड्या काढून सगळ्यांना वाटायला घेतल्या होत्या. फाटकापाशी बाबा माझी वाट बघत उभे होते. माझ्या तोंडात अर्धी बिबडी होती, हातात अर्धी.

“मामाला काय कळवू?” बाबांनी विचारलं. “पुढं काय?”

तोंड भरलेलं, बोलता येईना. रस्त्यानं तुळसाकाकू आणि कमलबाई आळीकडे निघाल्या होत्या. मध्ये हातभर अंतर, एकमेकींशी एक शब्द नाही. पण तुळसाकाकूंची बिबड्यांची पिशवी कमलबाईंच्या हातात होती, आणि कमलबाई चालता चालता तिच्यात हात घालून खात होत्या.

मी तिकडे बोट दाखवलं.

बाबांनी तिकडे पाहिलं. मग माझ्या हातातली उरलेली बिबडी घेऊन तोंडात टाकली आणि म्हणाले, “कळवतो, खुर्ची दुसऱ्या कुणाला दे म्हणून.”